शाळेतला गोळीबार ‘नाटक होतं’ म्हणणाऱ्या भावाशी काय बोलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझा मावसभाऊ वीस वर्षं टेक्सासमध्ये आहे. नागरिकत्व मिळाल्यावर त्याने रायफल घेतली. शिकलेला, हुशार, मनाने चांगला माणूस. पण हल्ली घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकतो, की 2012 साली सँडी हूकच्या शाळेत मुलं मेलीच नाहीत, लोकांच्या बंदुका काढून घेण्यासाठी सरकारने केलेला तो बनाव होता. मी वाद घातला की म्हणतो, ‘तुला इथलं काही माहीत नाही.’ खरंच माहीत नाही. हे प्रकरण काय आहे आणि त्याच्याशी बोलू कसं?”

आधी माझी एक चूक सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

14 डिसेंबर 2012, शुक्रवार. मी तेव्हा एका मराठी दैनिकात रात्रपाळीच्या डेस्कवर होते. कनेक्टिकटमध्ये सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ. पहिली ओळ आली ती ‘शाळेत गोळीबार, काही जखमी’ एवढीच. मग आकडा वाढत गेला. बाहेरगावी जाणारी, लवकर छापली जाणारी डाक आवृत्ती मारेकऱ्याच्या नावाशिवाय सुटली. मध्यरात्रीनंतर परदेशी वाहिन्यांवर नाव झळकलं आणि आम्ही धावपळ करून ते शहर आवृत्तीत घेतलं. ते नाव चुकीचं होतं. ते मारेकऱ्याच्या थोरल्या भावाचं होतं. तो बिचारा न्यू जर्सीत राहत होता आणि ‘तो मी नाही’ असं फेसबुकवर लिहीत होता. आम्ही दुरुस्ती छापली, दोन दिवसांनी, आतल्या पानावर, एका कॉलमात. नंतर शहरातल्या एका वाचकाचा फोन आला: “पहिलं नाव कोणाच्या सांगण्यावरून बदललंत?” मी फोन ठेवल्यावर हसले होते. पुढे बातम्यांची पडताळणी हेच काम झालं, तेव्हा कळलं की तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोन दिवसांच्या अंतराने दोन नावं छापून आली होती, त्याने विचारायचं तरी काय?

आता घटना. न्यूटाउन नावाच्या गावातली सँडी हूक प्राथमिक शाळा. वीस वर्षांच्या ॲडम लँझाने आधी घरी आईला मारलं, मग शाळेच्या दारालगतची काच गोळ्यांनी फोडून तो आत शिरला. सहा-सात वर्षांची 20 मुलं आणि शाळेतल्या 6 जणी गेल्या. त्यात मुख्याध्यापिकाही होत्या. एआर-15 धाटणीच्या बुशमास्टर रायफलमधून पाच मिनिटांच्या आत 154 गोळ्या झाडल्या गेल्या. शेवटी त्याने पिस्तुलाने स्वतःला संपवलं. बंदुका त्याच्या आईने रीतसर, कायद्याने विकत घेतलेल्या होत्या. सरकारी वकिलांचा अहवाल नोव्हेंबर 2013 मध्ये आला, आणि डिसेंबरअखेर पोलिसांनी हजारो पानांची कागदपत्रं जाहीर केली.

पण अहवालाला अकरा महिने लागले, आणि त्या अकरा महिन्यांत व्हिडिओवाल्यांचं दुकान थाटून झालं होतं. त्यांचा माल आला कुठून? बराचसा आम्हीच पुरवला. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत आई त्या शाळेत शिक्षिका होती असं आलं, ती नव्हती. रायफल गाडीच्या डिकीतच राहिली, आत फक्त पिस्तुलं वापरली असं आलं. गाडीत सापडली ती शॉटगन होती. ही दुसरी चूक साधी नाही. रायफल वापरलीच नसेल तर तिच्यावर बंदी कशासाठी, असा तो धागा पुढे जातो. मग ‘मेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ इंटरनेटवर काढलेलं पान घटनेच्या आधीच तयार होतं’ हा स्क्रीनशॉट. हे मी स्वतः तासन् तास उकललं आहे, म्हणून सांगते. सर्च इंजिन एखाद्या पानाची तारीख दाखवतं ती पुष्कळदा त्या पानावर कुठेतरी सापडलेली तारीख असते. जुन्या पानावर नवा मजकूर चढवला, तरी खाली तारीख जुनीच राहते. फेसबुकचं पानही आधी भलत्याच नावाने काढून नंतर नाव बदलता येतं. तुमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या पानाचं नाव उद्या ‘शोकसभा’ केलं, तर शोकसभा तीन वर्षं आधी ठरली होती असं दिसेल.

आपल्याकडेही हे झालंय. 26/11 नंतर हेमंत करकरे यांचं बुलेटप्रूफ जॅकेट रुग्णालयातून गहाळ झाल्याचं बाहेर आलं. गहाळ होणं हा हलगर्जीपणाचा सरकारी नमुना आपल्याला पाठ आहे, तरी त्या एका जॅकेटच्या रिकाम्या जागेत किती कटकथा राहायला आल्या ते मुंबईत पत्रकारिता केलेल्या कोणालाही विचारा.

चुकांपेक्षाही मला जास्त खटकतं ते वेगळंच. दयाबुद्धीने केलेल्या गोष्टी पुरावा म्हणून वापरल्या गेल्या. मुलांच्या मृतदेहांचे फोटो कोणी मागून घेऊन पसरवू नयेत म्हणून कनेक्टिकटने 2013 मध्ये कायदा केला, तर ‘फोटो का लपवता?’ जिथे मुलं गेली त्या वर्गात पुन्हा कोणाला बसवायचं नाही म्हणून शाळा पाडली, तर ‘पुरावा नष्ट केला.’ पाडणाऱ्या कामगारांकडून गुप्ततेची हमी घेतली, कारण विटांचे तुकडे कोणी आठवण म्हणून विकू नयेत. तर ‘तोंडं बंद केली.’ म्हणजे आईबापांनी लेकराचा चेंदामेंदा झालेला फोटो दाखवला असता तरच मूल होतं असं सिद्ध झालं असतं. आणि दाखवला असता तर तो बनावट ठरला असता.

तुमच्या भावाच्या व्हिडिओंमध्ये एक क्लिप नक्की असेल. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, एक तरुण बाप माईककडे येताना क्षणभर हसतो, मग चेहरा बदलतो, श्वास घेतो आणि लेकीबद्दल बोलायला लागतो. ‘बघा, नट आहे, भूमिकेत शिरतोय.’ त्यांचा शब्द आहे ‘क्रायसिस ॲक्टर’, आपत्तीच्या सरावात जखमी झाल्याचं सोंग करणारे कलाकार असतात ना, ते. त्या बापाने पुढे न्यायालयात साक्ष दिली. एका वार्ताहराशी दोन शब्द बोलायचे म्हणून तो आला होता, आणि समोर कॅमेऱ्यांची रांग लागलेली होती. ती काही सेकंदांची क्लिप दहा वर्षं त्याच्या मागे लागली. धमक्या आल्या, घर सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला, तिथे रस्त्यात गाठून लोकांनी विचारलं, किती पैसे मिळाले?

माझ्या वडिलांच्या दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. तासभर झाला, ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी धाकटे काका म्हणाले, “अहो, भात कसला ठेवलाय, त्याला मिसळ दाखवा.” आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा. त्या क्षणी कोणी मोबाइल धरला असता तर आमचं कुटुंब कसं दिसलं असतं?

पण नुसत्या चुकांनी आणि क्लिपांनी माणूस इतकं टोकाचं मानायला तयार होत नाही. मानायची गरज आधी असावी लागते, आणि अमेरिकेत ती गरज बंदुकीभोवती आहे. इथे तुमचा भाऊ म्हणतो ते खरंच आहे, आपल्याला तिथलं माहीत नसतं. आपल्याकडे बंदूक म्हणजे परवाना, आणि परवाना म्हणजे सरकारची मर्जी. माझ्या आजोळी सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, डुकरं-माकडं हाकलायला. निवडणूक आली की मामा ती मुकाट पोलीस ठाण्यात जमा करून यायचा. त्यात कोणाला अन्याय वाटला नाही. आता हे सवयीचं आहे, पण मुळात आपला शस्त्रकायदा इंग्रजांनी 1878 साली आणला तो हिंदी लोकांच्या हातात शस्त्र राहू नये म्हणूनच, युरोपीयांना त्यातून सूट होती, आणि काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव केले होते. म्हणजे ‘सरकार आपल्याला निःशस्त्र करतंय’ ही भीती आपल्या पणजोबांना कळली असती.

तिकडे ती राज्यघटनेत आहे. 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती. तिचा अर्थ नागरी दलापुरता की प्रत्येक माणसाचा, यावर खूप काळ वाद चालला. 2008 साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही लिहिलं आहे, पण ते वाक्य दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वाचतात. भीतीला ताजा इतिहासही आहे. 1992 मध्ये आयडाहोत रूबी रिज, 1993 मध्ये टेक्सासमध्येच वेको. दोन्ही ठिकाणी प्रकरण बंदुकांच्या कायद्यावरून सुरू झालं, केंद्राच्या सशस्त्र यंत्रणांनी वेढा घातला, आणि शेवटी बायका-मुलं मेली. ‘ते येतील आणि घेऊन जातील’ हे वाक्य तिथल्या एका मोठ्या वर्गाला कल्पना वाटत नाही.

आता या डोक्याने 14 डिसेंबर बघा. काही दिवसांत राष्ट्राध्यक्ष ओबामा कायद्याची भाषा बोलू लागतात. आठवडाभराने बंदूकमालकांच्या बलाढ्य संघटनेचे, नॅशनल रायफल असोसिएशनचे वेन लापिएर म्हणतात, की बंदूकवाल्या दुष्टाला थांबवतो तो बंदूकवाला सज्जनच. दुकानांत रांगा लागतात. त्या डिसेंबरात बंदूक घेणाऱ्याच्या पार्श्वभूमीच्या खरेदीपूर्व तपासण्यांचा आकडा 27 लाखांवर गेला, तोवरचा कुठल्याही महिन्यातला सगळ्यात मोठा. लोक घाबरून खरेदी करत होते, की आता बंदी येणार. अशा वेळी 20 मेलेली मुलं हा तुमच्या हक्काविरुद्धचा सर्वांत मोठा युक्तिवाद असतो, आणि त्याला उत्तर सुचत नाही. ‘मुलं मेलीच नाहीत’ असं कोणी सांगितलं, तर त्या युक्तिवादाचंच ओझं उतरतं. सुटका होते. एक स्पष्ट सांगते, बंदुका बाळगणारे बहुसंख्य अमेरिकन असलं काही मानत नाहीत. मुलं मेली हे मान्य करूनही बंदीला विरोध करता येतो, आणि लाखो लोक तो करतात. मानसिक आरोग्य, शाळेची दारं, आईने बंदुका कुलपात ठेवल्या होत्या का, हे सगळे त्यांचे प्रश्न रास्त आहेत. तुमच्या भावाला हा मार्ग मोकळा आहे हे त्याला कळलं, तरी निम्मं काम होईल.

हा रोग अमेरिकेचा खास नाही. ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला एप्रिल 1996 मध्ये 35 माणसं मारली गेली. तिथल्या सरकारने काही महिन्यांत कायदे कडक केले, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तिथेही ‘हे निःशस्त्र करण्यासाठी घडवून आणलं’ ही कथा निघाली आणि अजून चालते. निदान तिथे बंदुका खरंच परत घेतल्या गेल्या होत्या, एवढं तरी त्यांच्या बाजूने म्हणता येतं.

अमेरिकेत काय झालं? हा प्रश्न भावाला जरूर विचारा, कारण इथेच ‘बनाव’ कोसळतो. 17 एप्रिल 2013 रोजी सिनेटमध्ये मतदान झालं. प्रस्ताव बंदीचा नव्हता. बंदुकांच्या प्रदर्शनांत आणि इंटरनेटवर होणाऱ्या विक्रीतही पार्श्वभूमी तपासा, एवढाच होता. 54 बाजूने, 46 विरोधात, आणि 60 लागत होती, म्हणून पडला. बुशमास्टरसारख्या रायफलींच्या बंदीला तर चाळीसच मतं मिळाली. न्यूयॉर्क, कनेक्टिकट अशा काही राज्यांनी आपापले कायदे कडक केले, पण केंद्राचा म्हणावा असा कायदा यायला 25 जून 2022 उजाडलं, तोही टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्यावर, आणि तोही मवाळ. त्याच्या दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्कही मान्य करून टाकला होता. म्हणजे शेकडो पोलीस, डॉक्टर, शववाहिकेचे चालक, अख्खं गाव सामील करून घेतलेला कट, आणि साडेनऊ वर्षांनी ज्यांच्याविरुद्ध तो रचला त्यांचाच हक्क वाढलेला. एवढा नालायक कट मी तरी पाहिलेला नाही.

खटल्यांबद्दल तो बोलेलच, म्हणून नीट सांगते. ‘इन्फोवॉर्स’ हे कटकथांचं संकेतस्थळ आणि कार्यक्रम चालवणारा ॲलेक्स जोन्स वर्षानुवर्षं हे ‘नाटक’ म्हणत राहिला, म्हणून मुलांच्या पालकांनी त्याच्यावर बदनामीचे खटले भरले. हा माणूस कार्यक्रमाच्या अधेमधे जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि संकटकाळात टिकणारं अन्न विकायचा. काही दिवशी त्याच्या दुकानात आठ लाख डॉलरच्या वर गल्ला जमत होता, हे न्यायालयात आलं. ऑगस्ट 2022 मध्ये ऑस्टिनला सुनावणी चालू असताना एक प्रसंग घडला. जोन्सने शपथेवर सांगितलं होतं, की माझ्या फोनमध्ये सँडी हूकबद्दल एकही संदेश सापडला नाही. पालकांचे वकील उठले आणि म्हणाले, तुमच्या वकिलांनी चुकून तुमच्या फोनची अख्खी प्रत आम्हाला पाठवली आहे, आणि ती परतही मागितली नाही. संदेश त्यात होते. त्याच साक्षीत जोन्सने गोळीबार शंभर टक्के खरा होता असं मान्य केलं. टेक्सासच्या ज्युरीने सुमारे 4 कोटी 93 लाख डॉलर लावले. ऑक्टोबरात कनेक्टिकटच्या ज्युरीने 96 कोटी 50 लाख, आणि नोव्हेंबरात न्यायाधीशांनी वर आणखी 47 कोटी 30 लाख. अपिलात 15 कोटी कमी झाले, बाकी कायम राहिलं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका ऐकायला नकार दिला.

भाऊ यावर म्हणेल, “त्याला बाजू मांडूच दिली नाही.” यात तथ्य आहे, ते नाकारू नका. जोन्स मागितलेली कागदपत्रं देत नव्हता, म्हणून दोन्हीकडे तो दोषी की नाही हा प्रश्न ज्युरीपुढे गेलाच नाही. न्यायालयाने त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल दिला आणि ज्युरीने फक्त रक्कम ठरवली. पण विस्कॉन्सिनमध्ये दुसरा एक खटला झाला. तिथे एका निवृत्त प्राध्यापकाने पुस्तकात लिहिलं होतं, की एका मुलाचा मृत्यूचा दाखलाच बनावट आहे. त्याने बाजू मांडली, कागद मांडले, आणि न्यायाधीशांनी 2019 मध्ये कागद बघूनच ते विधान खोटं ठरवलं. ज्युरीने साडेचार लाख डॉलर भरपाई लावली. मला त्या खटल्यातला पुस्तकाचा प्रकाशक जास्त लक्षात राहिला आहे. त्याने आधीच तडजोड करून माफी मागितली. कारण सांगितलं ते असं, की मुलाच्या बापाशी समोरासमोर गाठ पडल्यावर तो खरं बोलतोय असं मला वाटलं. ‘दाखला बनावट’ म्हणणारं पुस्तक छापणाऱ्या माणसाला शेवटी पटलं ते एका खोलीत एका बापासमोर बसल्यावर.

आता बोलायचं कसं. ग्रुपवर नाही. तिथे मामा-मावश्या बघत असतात आणि तो माघार घेऊच शकत नाही. फोन करा, रविवारी, त्याच्या सकाळी. लिंका पाठवू नका, माझं हे उत्तरही पाठवू नका. त्याच्या रायफलबद्दल विचारा, खरोखर कुतूहलाने. घेताना काय भरून दिलंस? तो म्हणेल, फॉर्म 4473. तो कागद कोणाकडे असतो? दुकानदाराकडे. सरकारकडे का नाही? कारण 1986 च्या कायद्याने केंद्राला बंदूकमालकांची नोंदवही ठेवायलाच बंदी आहे. दुकान बंद पडलं की त्याचे खोकेच्या खोके वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एका सरकारी केंद्रात जातात. तिथे कागद इतके साठले, की मजल्याला भार पेलेना, म्हणून बाहेर वाहनतळावर मालवाहू कंटेनर उभे करून त्यांत रचले. कागदांच्या प्रतिमा संगणकावर घेतात, पण मालकाच्या नावाने शोधता येणार नाहीत अशाच. गुन्ह्यात सापडलेल्या एका बंदुकीचा माग काढायला माणसं पानं उलटत बसतात. हे ऐकून तो हसेल, कारण सरकारी कामाची मजा तिथेही तशीच आहे. मग त्यालाच विचारू द्या स्वतःला, की ज्या सरकारला त्याचं नाव यादीत शोधता येत नाही, ते त्याच्या दारात येणार कसं.

मुलांचा विषय पहिल्या फोनला काढू नका. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फोनला त्याने स्वतः ती हसण्याची क्लिप काढली, तर तुमच्या घरातला एखादा दहावा-तेरावा त्याला आठवून द्या, ज्याला तो हजर होता. तो रागावून फोन ठेवेल कदाचित. ठेवू द्या, पुढच्या रविवारी परत लावा.